सकाळची शाळा पावणेबाराला सुटते, पुढच्या तासाभराचं काय?

निंबाखाली (धागाकर्ती)

मार्चअखेर आली की आमच्याकडे दोन बातम्या ठरलेल्या. भुसावळचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर चढतो आणि शाळा सकाळची होते. दुसरी बातमी आली की पालक निर्धास्त होतात. मला यंदा होता येत नाहीये, म्हणून हा धागा.

मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातली. गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक म्हणून आहे. परवाच्या बैठकीत 'उन्हाळा आणि विद्यार्थ्यांचं आरोग्य' असा विषय होता. चहा येईपर्यंत विषय संपलाही. ठराव काय, तर मुलांना उन्हाबद्दल माहिती द्यावी आणि चित्रकला स्पर्धा घ्यावी. म्हणजे सूर्याला गॉगल लावलेली चित्रं व्हरांड्यात टांगली जाणार आणि ती काढणारी पोरं त्याच दिवशी उघड्या डोक्याने घरी जाणार.

माझा मुद्दा वेळेचा आहे. मार्च २०२५ च्या अखेरीस राज्यभरासाठी जे वेळापत्रक निघालं त्यात प्राथमिक शाळा ७ ते ११.१५ आणि माध्यमिक ७ ते ११.४५ होती. आमच्याकडे यंदाही तसंच चाललंय. आता जरा सूर्याचं वेळापत्रक बघा. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली, जळगाव आहे साधारण ७५.५ वर. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या सुमाराला. हवा सगळ्यात जास्त तापते दुपारी तीन-चारला, ते खरं. पण कातडीला आणि डोळ्यांना त्रास देणारे अतिनील किरण सगळ्यात तीव्र असतात ते सूर्य माथ्यावर असताना. थोडक्यात, तीनचा चटका चुकवायला आपण पोरांना बरोबर साडेबाराच्या तोंडी रस्त्यावर काढतो.

सकाळची शाळा नको असं मी म्हणत नाही. दुपारची शाळा परवडणारच नाही. पण शाळा सुटली की शाळेची जबाबदारीही सुटते, हे मला पटत नाही.

आमच्या फाट्यावरचं सांगते. वरच्या वर्गातल्या मुलींची बस साडेबाराची, ती येते पाऊण वाजता. थांब्याच्या शेडचे पत्रे मागच्या वादळात उडाले, त्याच वादळात केळीही आडवी झाली होती. केळीचे पंचनामे झाले, शेडचा झाला नाही. आता मुली विजेच्या खांबाच्या सावलीत एकीमागे एक उभ्या राहतात. त्या वेळी खांबाची सावली इतकी आखूड असते की तिघींनाही पुरत नाही. चौथीने दप्तर डोक्यावर धरलेलं असतं.

आणखी एक. अर्ध्या पोरांच्या दप्तरात रुमाल असतो, घरून आया देतातच. पण परिसरातल्या एका शाळेत तो बांधला की 'गणवेशात बसत नाही' म्हणून सोडायला लावतात. त्याच शाळेत एप्रिलमध्ये टाय चालतो. पॉलिस्टरचा शर्ट, गळ्याशी टाय, बंद बूट, आणि बाहेर ४२. हे कुणाच्या डोक्यातून निघतं ते मला एकदा बघायचंय.

तर इथल्या शिक्षकांना, डॉक्टरांना, पालकांना विचारायचंय: तुमच्याकडे खरोखर अमलात आलेलं काय आहे? पोस्टर आणि प्रभातफेरी सोडून.

---

शेवभाजी

दुपारले भायेर निंघू नको रे भो, एवढंच आमच्या आजीचं आरोग्यशास्त्र होतं. आणि खिशात कांदा. आमच्या वर्गात सगळ्यांच्या खिशाला कांद्याचा वास यायचा.

---

खानदेशी मास्तर

ताई, चांगला विषय काढलात. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, अमळनेरकडचा. दुसरी बाजूही मांडतो, रागावू नका.

सात वाजता शाळा म्हणजे पोर सहाला उठणार. शेतमजुराच्या घरात त्या वेळी आईबाप कामावर निघायच्या घाईत. पोर चहा आणि एखादं बिस्किट खाऊन येतं, पुष्कळदा तेही नाही. प्रार्थनेला रांगेत चक्कर येऊन बसणारी पोरं उन्हाने बसत नाहीत, सात वाजता ऊन कुठलं आलं? ती उपाशी असतात. आमच्याकडे खिचडी शाळा सुटायच्या जरा आधी वाटायची पद्धत होती. आम्ही ती नऊच्या सुट्टीत आणली. स्वयंपाकाच्या मावशींना लवकर यावं लागतं, त्यांची मनधरणी करावी लागली, पण चक्करचे प्रकार जवळजवळ थांबले.

दुसरं पाणी. 'पाणी प्या, पाणी प्या' सगळे सांगतात. शाळेच्या गच्चीवर काळी टाकी. दहा वाजता तोटी सोडली तर हात भाजेल असं पाणी येतं. पोरं तोंड लावतात आणि थुंकतात. ते पाणी कोण पिणार? लोकवर्गणीतून प्रत्येक वर्गात एक माठ ठेवला, वर झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं. पाणी आदल्या संध्याकाळी भरायचं. माठ भरायची पाळी पोरांचीच, आणि गंमत म्हणजे ज्या वर्गाची पाळी चुकते त्या वर्गाला दुसऱ्या वर्गातून मागून आणावं लागतं, त्यामुळे सहसा चुकत नाही.

केरळात २०१९ मध्ये शाळांत पाण्याची घंटा सुरू झाली, वॉटर बेल म्हणतात. ठरलेल्या वेळी घंटा वाजली की सगळ्यांनी पाणी प्यायचं. आम्हीही वाजवतो. आठवलं तर शिपाई, नाहीतर पोरं स्वतःच. पोरांना ती घंटा जास्त प्रिय, कारण दोन मिनिटं शिकवणं थांबतं.

---

कापूसवेचणी

मास्तर, घंटा वाजवता, उत्तम. पण मुली पाणी पितात का ते कुणी पाहिलंय?

मी माध्यमिक शाळेत शिकवते. मुलींच्या बाटल्या जशा भरून येतात तशाच घरी जातात. कारण सरळ आहे: पाणी प्यायलं की जावं लागतं आणि जाण्यासारखी जागा नाही. स्वच्छतागृह बांधलेलं आहे, रंगवलेलं आहे, दारावर फुलपाखरू काढलेलं आहे. आत नळाला पाणी नाही आणि एका दाराला कडी नाही. गावात नळ आठ-आठ दिवसांनी येतो, टाकीतलं पाणी स्वयंपाकाला की संडासाला, असा प्रश्न पडतो तेव्हा काय होतं ते सांगायला नको.

मग एप्रिलमध्ये 'मॅडम, उन्हाळी लागली' म्हणून मुली कळवळत येतात. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं. मुलं भिंतीआड जाऊन मोकळी होतात, त्यामुळे हा प्रश्न समितीतल्या पुरुषांच्या लक्षातच येत नाही.

उन्हापासून मुलींना वाचवायचं असेल तर माझ्या मते पहिला खर्च टोपीवर नको, कडी आणि बादलीवर करा.

---

निंबाखाली

कापूसवेचणी ताई, तुमचा प्रतिसाद मी छापून बैठकीत वाचणार आहे. कडीची किंमत चित्रकला स्पर्धेच्या बक्षिसांपेक्षा कमी आहे हेही सांगेन.

---

अबोली

मी बालरोगतज्ज्ञ, धुळ्यात प्रॅक्टिस. एप्रिल-मे मध्ये जे रोज सांगते ते इथे लिहिते.

मुलं म्हणजे छोटी माणसं असं समजून चालत नाही. वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे बाहेरची उष्णता लवकर आत शिरते. घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो. आणि खेळात असली की तहान लागलेली कळत नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून पारा एकदम चढतो तो पहिला आठवडा जास्त वाईट. क्रीडा शिक्षकांनी निदान त्या आठवड्यात मैदानावरचा तास वर्गात घ्यावा.

मोबाईलवर ४२ दिसतं ते सावलीतलं, जमिनीपासून काही फूट वर, हवा खेळती असलेल्या पेटीत मोजलेलं तापमान असतं. सिमेंटच्या अंगणात उभ्या पोराला ४२ नसतं, बरंच जास्त असतं. पत्र्याच्या खोलीतही तेच.

ओळखायचं कसं? डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, खूप घाम, थकवा: इथे पोराला सावलीत न्या, बूट-मोजे-टाय काढा, अंग ओल्या कपड्याने पुसा, थोडं थोडं पाणी किंवा ओआरएस द्या, बहुतेक पोरं सावरतात. पण पोर बरळायला लागलं, ओळख पटेना, झटका आला, बेशुद्ध झालं, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत थांबू नका, लगेच थंड करायला लागा. अंगभर पाणी ओता, वारा घाला, बर्फ असेल तर कापडात गुंडाळून काखेत, मानेशी, जांघेत ठेवा. बेशुद्ध पोराच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी देऊन उपयोग नाही, हा तो ताप नाही. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.

शेवभाजी, खिशातल्या कांद्याने काही होत नाही हो. भाकरीबरोबर खाल्लात तर निदान पोटात जाईल.

ओआरएसबद्दल. लिटरचं पाकीट असेल तर अख्खं पाकीट अख्ख्या लिटरमध्ये. चिमूट-चिमूट ग्लासात टाकायचं नाही. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर ओता. दुकानात ओआरएस नावाने रंगीत खोक्यातली गोड पेयं मिळायची, त्यात साखर भरमसाट. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना ते नाव वापरायची मनाई केली. तरीही पालक सवयीने तेच मागतात, म्हणून लिहिलं.

---

तापीकाठ

एवढं काय ते! आम्ही अनवाणी चार किलोमीटर चालत गेलो, डांबर पायाला चिकटायचं. काही झालं नाही. हल्लीची पोरं नाजूक करून ठेवलीत.

---

खानदेशी मास्तर

नाना, तुमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी निंब आणि चिंचा होत्या. रुंदीकरणात गेल्या. आता त्याच रस्त्याने चालून दाखवा, मी सोबत येतो.

---

तापीकाठ

झाडांचं मात्र खरं बोललात. आमच्या गावच्या रस्त्याला आता कुत्र्यालाही सावली नाही.

---

मेलबर्नमधली जळगावची

इथल्या शाळांचं सांगते, तुलना म्हणून नाही, माहिती म्हणून. ऑस्ट्रेलिया त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांपैकी आहे. १९८१ मध्ये इथे एक मोहीम निघाली, स्लिप-स्लॉप-स्लॅप: अंगात शर्ट, कातडीला मलम, डोक्यावर टोपी. प्राथमिक शाळांतला नियम तर पोराच्या तोंडपाठ: 'नो हॅट, नो प्ले'. टोपी नसेल तर मैदानात जायचं नाही, सावलीत बसायचं. टोपीही साधी नाही, चारी बाजूंनी रुंद काठाची, मानेवर आणि कानावर सावली पडेल अशी. क्रिकेटची पुढे चोच असलेली टोपी चालत नाही.

शिवाय रोज अतिनील निर्देशांक बघतात. तीन किंवा वर असेल तर टोपी सक्तीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत आठपासून 'फार जास्त', अकरापासून 'टोकाचा'. मी सहज माहेरचा बघितला. एप्रिलमधल्या दुपारी जळगावचा आकडा अकराच्या पुढेच दिसतो.

---

शेवभाजी

मग आता शाळेत सनस्क्रीन लावून पाठवायचं का? एक ट्यूब केवढ्याला, आणि दोन तासांनी पुन्हा लावायची म्हणे. आमच्याकडे पोराला रोज केसांना तेल लावणं जमलं तरी खूप.

---

निंबाखाली

म्हणूनच मला ऑस्ट्रेलियाची टोपी हवी आहे, ट्यूब नको. 'टोपी नाही तर खेळ नाही' यात पैसे लागत नाहीत. आणि टोपी विकतही घ्यायला नको. आपला बागायती रुमाल कानावरून, मानेवरून बांधला की त्या काठाच्या टोपीचंच काम होतं. नुसत्या गांधी टोपीने डोकं झाकतं, मान आणि कान उघडे राहतात.

---

अबोली

सहमत. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, त्यामुळे त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळ कमी. आपल्याकडे उन्हाचा पहिला धोका उष्माघात आणि पाणी कमी पडणं, दुसरा डोळे. वर्षानुवर्षं उन्हात काम करणाऱ्यांच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांस वाढत येतं, मोतीबिंदूही लवकर होतो. शेतातल्या माणसांत तुम्ही पाहिलंच असेल. जत्रेतला दहा-वीस रुपयांचा काळा गॉगल मात्र मुलांना देऊ नका. काच काळी असल्याने बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर उलट जास्त आत जातात.

---

गिरणाथडी

डॉक्टर, मग ड जीवनसत्त्वाचं काय? माझ्या मुलीचं कमी निघालं, तेही जळगावात राहून! कोवळ्या उन्हात बसवा असं सगळे सांगतात.

---

अबोली

कोवळ्या उन्हात बरं वाटतं, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सकाळी लवकर फारच थोडे असतात. सूर्य वर आल्यावरच ते पुरेसे पोहोचतात, आणि खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. म्हणून उन्हाळ्यात दुपारी उभं करायचं का? अजिबात नाही. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन सोसवतं. तेव्हा शाळेचा खेळाचा तास अकराच्या पुढे, हातपाय उघडे ठेवून घ्या. आणि मुलीचं कमी निघालंय तर औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण करा, उन्हावर सोडून देऊ नका.

गंमत अशी की आपण थंडीत मुलांना स्वेटर घालून वर्गात बसवतो आणि एप्रिलमध्ये निकालाआधी मैदानावर कवायत घेतो.

---

सातपुड्याचा वारा

नंदुरबार जिल्ह्यातून. आमच्याकडे बरीच मुलं निवासी आश्रमशाळांत. त्यांना शाळा सुटली की घर नाही, पुन्हा तीच खोली. वर पत्रा, दुपारी वीज गेली की पंखा बंद, आत तव्यावर बसल्यासारखं.

एका ठिकाणी आम्ही पत्र्याला वरून चुना दिला. चुना रात्रभर भिजवून गाळायचा, चिकटायला त्यात थोडा फेव्हिकॉल, आणि दोन हात. पांढरा पत्रा ऊन परतवतो, आत बसल्यावर फरक कळतो. पाऊस लागला की धुऊन जातो, दर वर्षी फेब्रुवारीत पुन्हा द्यायचा. अहमदाबादने २०१० च्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे तिथे वस्त्यांतली छपरं अशीच पांढरी केली. छतावर चढताना पोरांना घेऊ नका, जुना पत्रा पाय देताच फाटतो.

---

शेवभाजी

सुटल्यावर गेटवरच्या पेप्सी आणि बर्फगोळ्याचं कुणी बोललंच नाही. खरी गर्दी तिथे.

---

खानदेशी मास्तर

शेवभाजी, मुद्द्याचं बोललात. खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा करायचा असा नियम २०१८ पासून आहे. आमच्या गेटवर गोळा मुळातच निळ्या सरबताचा, आता ओळखा!

आम्ही बंदी घालून पाहिली, गाडी दोनशे मीटर पुढे गेली. मग बचत गटाच्या बायकांना गेटच्या आत ताक आणि कैरीचं पन्हं विकायला बसवलं. गोळा बंद नाही झाला, पण निम्मी पोरं तरी ताकाकडे वळली. ज्या दिवशी ताकात मिरची जास्त पडते त्या दिवशी पुन्हा गोळा.

---

कंडक्टरदादा

धागा उशिरा वाचला. मूळ प्रश्न बसचा होता, तो मागेच राहिला.

ताई, साडेबाराची फेरी बारावर आणता येते, पण तोंडी सांगून नाही. शाळेच्या लेटरहेडवर आगार व्यवस्थापकांच्या नावे अर्ज द्या. त्यात तीन गोष्टी हव्यात: शाळा सुटायची नेमकी वेळ, त्या मार्गावर पासधारक मुलं-मुली किती, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वेळ बदलून हवी. ग्रामपंचायतीचा ठराव जोडला तर वजन येतं. मानव विकासची निळी बस तुमच्या मार्गावर असेल तर ती मुलींच्या शाळेसाठीच आहे, तिची वेळ शाळेप्रमाणे असलीच पाहिजे, तसं अर्जात ठळक लिहा. बहुतेक शाळा आपली वेळ बदलल्याचं आगाराला कळवतच नाहीत. गाडी जुन्या वेळेने धावत राहते आणि शिव्या आम्हाला.

आणि बस बदलेपर्यंत एक करा. मुलांना पावणेबाराला गेटबाहेर काढू नका. बसची मुलं व्हरांड्यात बसू द्या, एका शिक्षकाने थांबायचं, गाडी फाट्यावर दिसली की सोडायचं. आमच्या मार्गावरची एक शाळा असं करते. मी हॉर्न वाजवतो, पोरं पळत येतात, दोन मिनिटांत गाडी भरते.

---

निंबाखाली

दादा, हे सगळ्यात कामाचं. व्हरांड्यात कोण थांबणार यावर शिक्षकांत वाद होईल, पाळ्या लावाव्या लागतील. समितीतले पालकही थांबू शकतील, मी सोमवार-गुरुवार घेते. अर्ज उद्या मुख्याध्यापकांकडे नेते. कडी, बादली, माठ आणि रुमालाला परवानगी हेही समितीचा वेगळा ठराव म्हणून मांडते, एकाच कागदात घातलं तर सगळंच लांबेल.

मेच्या पहिल्या तारखेला निकालासाठी पोरांना बोलावतात, ध्वजवंदन आणि भाषणं धरून दहा वाजतात. तेही सातला सुरू करून आठला संपवा असं सुचवतेय. भाषणं कोण कमी करणार हा प्रश्न आहेच.

---

तापीकाठ

भाषणं कमी होणार नाहीत. मंडप टाका.

---

कंडक्टरदादा

अर्जाची झेरॉक्स सोबत ठेवा आणि आवक विभागात पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात जादा गाड्यांची धावपळ असते, तेव्हा तुमचा कागद कुणी बघणार नाही. त्याआधी द्या.